न्हाणीघरांतील हवा आणि धुराड्यांतील वायु

पौषांतल्या सकाळीं आमच्या घरीं स्नानाची एक ठराविक रांग असते. प्रथम आमचे दोघे थोरले बंधु आणि आम्ही, कारण तिघांनाही कचेरी गांठावयाची असते. मग शाळेचीं मुलें. आणि सर्वांचे डबे भरून, न्याहारी आटोपून, अगदीं शेवटीं धाकट्या वहिनी. न्हाणीघर लहान, पांच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच. पूर्वीं तेथें तांब्याचा बंब होता; तो माळ्यावर गेला आणि दोन वर्षांपूर्वीं भिंतीवर गॅसचा गीझर आला. थंडीचा वारा अंगास लागूं नये म्हणून वरच्या झरोक्यांत वर्तमानपत्राचा बोळा खोंचलेला होता. तो कोणीं खोंचला, हें अद्यापि कोणीं कबूल केलेलें नाहीं.

धाकट्या वहिनींचें डोकें महिनाभर दुखत होतें. सकाळीं दुखूं लागावें, मळमळावें, आणि दुपारपर्यंत आपोआप बरें वाटावें. घरांत निदान तयारच होतें: पित्त. मोरावळा झाला, सूतशेखर झाला, सोमवारचा उपवास सोडून पाहिला. एका सकाळीं न्हाणीघरांत बादली कलंडल्याचा आवाज आला आणि हांका मारूनही उत्तर येईना. पुतण्यानें खांदा देऊन कडी उचकटली. वहिनी जमिनीवर होत्या, श्वास चालू होता, पण शुद्ध नव्हती. त्यांना ओसरीवर आणलें. २०२० सालच्या साथींत घेतलेलें बोटाला लावावयाचें ऑक्सिमीटर कोणीतरी धांवत आणलें, आणि त्यावर ९८ हा आंकडा दिसतांच आम्हां सर्वांचा जीव भांड्यांत पडला. चक्कर आली असेल, थोडें साखरपाणी द्या, असें म्हणण्यापर्यंत आमची मजल गेली होती.

गल्लींतील डॉक्टर आले ते नाडी पाहण्याआधींच विचारते झाले, "गीझर कोठें आहे? आंत कीं बाहेर?" आंत आहे असें कळतांच त्यांनीं गाडी बोलावली. रुग्णालयांत नाकावर मुखवटा चढवून प्राणवायु सुरू झाला आणि रक्त तपासणीस गेलें. त्या रक्तांतील शंभरांपैकीं चोवीस भाग हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडनें अडविलेलें होतें. म्हणजे आमच्या ९८ ह्या आंकड्यानें आम्हांला चक्क फसविलें होतें.

तें कसें, हें आधीं सांगितलें पाहिजे, कारण तें छोटें यंत्र आतां पुष्कळ घरांत आहे. कार्बन मोनॉक्साइड ह्या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. त्यानें डोळे चुरचुरत नाहींत कीं घसा खवखवत नाहीं. लांकूड, कोळसा, रॉकेल, गॅस ह्यांपैकीं कोणतेंही जळण भरपूर प्राणवायु मिळाल्यास जळून त्याचा कार्बन डायॉक्साइड होतो. प्राणवायु तोकडा पडला, किंवा ज्योत थंड धातूवर आपटून अर्ध्यावर विझली, म्हणजे जळणें अपुरें राहतें आणि हा वायु सुटतो. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूला धरून सर्व शरीरभर पोंचवितें. पण कार्बन मोनॉक्साइडला तें सुमारें दोनशें ते अडीचशें पट अधिक घट्ट धरतें. त्यामुळें हवेंत त्याचा अंश असला, तरी रक्तांतल्या जागा एकेक करून तोच बळकावीत जातो. ऑक्सिमीटर बोटांतून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडून रक्ताचा रंग पाहतें. प्राणवायु धरलेलें रक्त आणि हा वायु धरलेलें रक्त त्याच्या दृष्टीला जवळजवळ सारखेंच तांबडें दिसतें. पिशवी भरलेली आहे एवढेंच त्याला कळतें. आंत धान्य आहे कीं खडे, हें कळत नाहीं. ह्या बाबतींत रक्ताचीच तपासणी व्हावी लागते, आणि त्यासाठीं डॉक्टरांना गीझर, शेगडी किंवा जनित्र ह्यांचा संशय आपण होऊन सांगावा लागतो.

वहिनी सायंकाळपर्यंत सावध झाल्या. साध्या हवेंत रक्तांतला हा वायु निम्म्यावर येण्यास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास तेंच काम तास-दीड तासांत होतें. रोजची डोकेदुखी दुपारीं कां थांबत असे, ह्याचाही उलगडा त्यांतच झाला.

दुसऱ्या दिवशीं ज्या दुकानांतून गीझर घेतला होता तेथील माणूस आला. त्यानें दार सताड उघडें ठेवून गीझर पेटविला, वांकून ज्योत पाहिली, आणि "निळी आहे साहेब, कांहीं दोष नाहीं" असें सांगून तो पायांत वहाणा घालूं लागला. त्याच्याकडे मापनाचें कोणतेंही साधन नव्हतें, आणि असावें अशी त्याच्या मालकाची अपेक्षाही दिसली नाहीं. पिवळी, काजळी धरणारी ज्योत वाईट हें खरें. पण ज्योत निळी असून वायु सुटत नाहीं असा नियम नाहीं. डोळ्यानें वायूचें प्रमाण ठरविणें म्हणजे हात लावून ज्वर किती अंश आहे तें सांगण्यासारखेंच आहे.

थोरल्या वहिनींचे बंधु एका कारखान्यांत बॉयलर सांभाळतात. त्यांना सर्व हकीकत कळतांच ते रविवारीं धुराडें तपासण्याचें आपलें यंत्र घेऊन आले. हातांत मावेल एवढी पेटी, तिला एक रबरी नळी, आणि नळीच्या टोंकाला वीतभर लांबीची पोलादी कांडी. पेटींतला लहानसा पंप कांडीच्या तोंडून हवा ओढून घेतो. आंत दोन कोष असतात. एक प्राणवायु मोजतो, दुसरा कार्बन मोनॉक्साइड. ह्या दुसऱ्या कोषांत वायूचे रेणु धातूच्या पट्टीवर पोंचून पाण्याच्या साहाय्यानें कार्बन डायॉक्साइड बनतात आणि त्या क्रियेंत विजेचा अत्यंत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. वायु जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. आंकडा दशलक्ष भागांत किती भाग, असा येतो. यंत्रावर त्यास पीपीएम म्हणतात. आम्ही येथें नुसतें 'भाग' असें लिहूं.

पहिल्यानें ते अंगणांत गेले आणि मोकळ्या हवेंत यंत्राचें शून्य लावून आले. धुरानें भरलेल्या खोलींत शून्य लावलें तर पुढचें प्रत्येक माप तेवढ्यानें खोटें निघतें. नंतर न्हाणीघराचें दार उघडें ठेवून, गीझर दहा मिनिटें चालू देऊन, उभ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर त्यांनीं खोलींतली हवा मोजली. आंकडा आला शून्य. दुकानाच्या माणसानें हें पाहिलें असतें तर त्याला केवढा आनंद झाला असता!

मग त्यांनीं कांडी गीझरच्या माथ्यावरील फटींत घातली. आमच्या गीझरला धुराड्याची नळीच नव्हती. अशा लहान गीझरांत जळलेला वायु माथ्यावरच्या फटींतून सरळ खोलींतच येतो. तेथें प्राणवायु निघाला शेंकडा १५·७ आणि कार्बन मोनॉक्साइड १५० भाग. आम्ही म्हणालों, दीडशें म्हणजे फार वाटत नाहीं. त्यावर ते हंसले आणि कागदावर हिशेब करूं लागले.

धुराड्यांतला आंकडा जसाच्या तसा वाचावयाचा नसतो. फटींतून बाहेर पडतांना जळलेल्या वायूंत साधी हवा मिसळते आणि खरें प्रमाण पातळ करून टाकते, जसें ताकांत पाणी घातल्यावर आंबटपणा कमी लागतो. किती पाणी घातलें हें प्राणवायूवरून कळतें. स्वच्छ हवेंत प्राणवायु शेंकडा २०·९ असतो. त्यांतून १५·७ वजा केले कीं ५·२ उरतात. २०·९ ला ५·२ नीं भागलें कीं भागाकार चार. म्हणून दीडशेंला चारानें गुणावयाचें. खरा आंकडा सहाशें. प्राणवायु न मोजतां नुसता कार्बन मोनॉक्साइड मोजून आणणाऱ्याचें धुराड्याचें माप म्हणून फारसें विश्वासार्ह नसतें. पुरेशी हवा मिसळूं दिली तर वाटेल तो गीझर चांगला ठरवितां येतो. कित्येक ठिकाणीं ह्याऐवजीं कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायॉक्साइड ह्यांचें गुणोत्तर पाहतात. मिसळलेली हवा दोघांनाही सारखीच पातळ करीत असल्यामुळें गुणोत्तर बदलत नाहीं. ब्रिटनमध्यें नवा घरगुती बॉयलर बसवितांना हें गुणोत्तर ०·००४ च्या खालीं आहे कीं नाहीं, हें तंत्रज्ञास यंत्र लावून पाहावें लागतें.

खोलींत शून्य आणि धुराड्यांत सहाशें, ह्यांत खरें कोणतें? दोन्हीही खरीं आहेत. तीं निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. खोलींतलें माप विचारतें, ह्या घटकेला येथें श्वास घेणारा माणूस सुरक्षित आहे काय? धुराड्यांतलें माप विचारतें, हें यंत्र निरोगी आहे काय? खोलींत शून्य आलें तें उघड्या दाराचें पुण्य होतें, गीझरचें नव्हे. उलट, धुराडें घराबाहेर नेलेलें आणि घट्ट असेल तर आंत शेंकडों भाग असूनही घरांतला माणूस त्या दिवशीं सुखरूप राहील. तोच आंकडा खोलींत दिसला तर क्षणभरही थांबूं नये. एकाच परिमाणांत लिहिलेले हे दोन आंकडे एकमेकांच्या जागीं ठेवले, तर एकानें नाहक घाबरगुंडी उडते आणि दुसऱ्यानें जीव जातो.

ह्यांतली मौज अशी कीं, धुराड्यांतला वायु मोजणें आमच्या वाचकांना मुळींच नवें नाहीं. मोटारीच्या प्रदूषण तपासणीचा कागद सर्वांच्या परिचयाचा आहे. पेट्रोलपंपाशेजारच्या टपरींत मोटारीच्या नळींत जी कांडी खुपसतात ती हेंच काम करते. फरक एवढा कीं, तेथें बहुधा अवरक्त प्रकाश वायूंतून सोडून तो किती शोषला गेला तें पाहतात. भारत स्टेज चार आणि त्यापुढील पेट्रोलच्या मोटारींना उभ्या स्थितींत शेंकडा ०·३ ची, म्हणजे तीन हजार भागांची मर्यादा आहे. रस्त्यावर उघड्या हवेंत धूर सोडणाऱ्या मोटारीला नियमानें कागद लागतो, आणि चार फुटांच्या बंद खोलींत धूर सोडणाऱ्या गीझरचें तोंड मात्र आमच्या घरांत दोन वर्षांत एकदांही कोणीं तपासलें नव्हतें.

ह्यानंतरचा प्रयोग त्यांनीं आमच्या आग्रहावरून केला. "ताई, तो बोळा जसा होता तसा पुन्हां घाल," असें त्यांनीं थोरल्या वहिनींना सांगितलें. गीझर पेटवून, सर्व माणसें बाहेर काढून, दार लोटून घेतलें. रबरी नळी दाराखालच्या फटींतून आंत सरकविली आणि कांडी आधींच एका तिवईवर कमरेच्या उंचीला बांधून ठेवली होती. आम्ही घड्याळ घेऊन बाहेर बसलों. पांच मिनिटांनीं ९५, दहा मिनिटांनीं २४०. येथपर्यंत आंकडा चढत होता. पुढें तो धांवूं लागला. पंधराव्या मिनिटाला ७०० आणि विसाव्याला ११०० च्या पुढें. त्यांनीं बाहेरूनच गॅसची तोटी बंद केली. आमच्या रांगेंत पहिला माणूस न्हाऊन बाहेर येतो तेव्हां आंकडा शंभराच्या आंतबाहेर असणार, आणि चौथें-पांचवें माणूस आंत शिरतें तेव्हां काय असणार, हें त्या कागदावर दिसत होतें. जिची पाळी शेवटीं, तिच्याच वांट्याला सर्वांची शिळी हवा!

आंकडा धांवूं कां लागला, ह्याचें उत्तर साध्या गणितांत आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनीं तापविणारा गीझर तासाला सुमारें एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळण्यास सुमारें साडेपंधरा किलो हवा लागते, म्हणजे बारा-तेरा घनमीटर. आमचें न्हाणीघर साडेचार घनमीटरांचें. तेव्हां वीस-बावीस मिनिटांत गीझर एवढ्या खोलींतली सगळी हवा मागतो. आणि आंत माणूसही श्वास घेत असतो. दाराखालून थोडी हवा येते म्हणून ज्योत विझत नाहीं, पण तिला मिळणारा प्राणवायु उतरत जातो, आणि जसजसा तो उतरतो तसतसें जळणें अधिकाधिक अपुरें होतें. शिवाय ह्या खोलींत एक हजार भाग होण्यास किती वायु लागतो? अवघा साडेचार लिटर, म्हणजे वीस लिटरच्या बादलीचा पाव हिस्साही नव्हे.

गीझर खोलला तेव्हां जाळीच्या छिद्रांत कोळिष्टकें आणि लोकर सांपडली, तांब्याच्या पंखांवर काजळीचा थर. सर्व साफ झाल्यावर माथ्याचें माप हिशेबानें साठ भागांवर आलें. घरांतील मंडळींनीं सुस्कारा सोडला. परंतु पाहुण्यांनीं तोच बंद दाराचा प्रयोग पुन्हां लावला: पांच मिनिटांनीं ९, दहा मिनिटांनीं २५, आणि वीस मिनिटांनीं १६०. स्वच्छ केलेला गीझरही कोंडलेल्या खोलींत शेवटीं बिघडतोच, कारण बिघाड त्याच्यांत नसून हवेंत असतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं घरांतील हवेसाठीं सांगितलेली मर्यादा पंधरा मिनिटांना घनमीटरमागें १०० मिलिग्रॅम, तासाला ३५ आणि आठ तासांना १० अशी आहे. भागांत मांडल्यास सुमारें ८७, ३० आणि ९. त्यापुढें २०२१ सालीं चोवीस तासांच्या सरासरीला ४ मिलिग्रॅम, म्हणजे अदमासें साडेतीन भाग, असें तिनें ठरविलें. हे आंकडे शेजारीं ठेवून पाहिल्यावर आम्हांला नव्या गीझरच्या जाहिराती वाचण्याची इच्छा उरली नाहीं. त्याच आठवड्यांत गीझर न्हाणीघरांतून काढून मागच्या उघड्या सज्जांत लावला. गरम पाण्याची नळी तेवढी भिंतींतून आंत येते. झरोक्याला आतां जाळी आहे, आणि बोळा खोंचतां येऊं नये म्हणून ती बाहेरून ठोकली आहे.

हा वायु मोजण्याची विद्या खाणींतून घरांत आली. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन ह्यांनीं १८९५ च्या सुमारास ठराविक प्रमाणांत मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड स्वतःच हुंगून, आपल्याच बोटाचें रक्त काढून तपासलें. निम्म्याहून अधिक रक्त अडेपर्यंत त्यांनीं हा उद्योग चालविला. १८९६ सालीं वेल्समधील टायलर्सटाउन येथें कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ५७ माणसें मेलीं, तेव्हां त्यांनीं प्रेतांची तपासणी करून दाखविलें कीं, बहुतेक मृत्यु स्फोटानें नव्हे तर मागाहून पसरलेल्या ह्या वायूनें झालेले आहेत. लहान प्राण्यांचा श्वासोच्छ्वास जलद असल्यामुळें त्यांना विष लवकर भिनतें, म्हणून खाणींत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा ही सूचना त्यांचीच. ब्रिटिश खाणींत कॅनरीचे पिंजरे १९८६ पर्यंत होते. ह्या हॉल्डेनांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ सालीं हिंदुस्थानांत येऊन येथले नागरिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वरास वारले. लहानपणीं वडिलांचा हात धरून ते खाणींत उतरत असत.

पक्षी धोका दाखवितो, प्रमाण नव्हे. प्रमाणासाठीं रसायनें आलीं: पॅलेडियम क्लोराइडमध्यें भिजविलेला कागद ह्या वायूनें काळा पडतो, आयोडीन पेंटॉक्साइडमधून तो नेला तर आयोडीन मोकळें होतें आणि तें मोजतां येतें. कारखान्यांच्या धुराड्यांसाठीं ऑर्सा ह्यांचें कांचेचें उपकरण फार वर्षें चाललें. धुराड्यांतला मोजून घेतलेला वायु एकामागून एक तीन कुप्यांतून नेत. पहिली कार्बन डायॉक्साइड शोषून घेई, दुसरी प्राणवायु, तिसरी कार्बन मोनॉक्साइड, आणि प्रत्येक वेळीं आकारमान किती घटलें तें नळीवर वाचीत. आमच्या पाहुण्यांची पेटी हेंच काम मिनिटभरांत करते. परंतु तिलाही ठराविक मुदतीनें ज्ञात प्रमाणाच्या वायूवर पारखून घ्यावें लागतें, आणि धुराड्यांतली वाफ थंड होऊन कोषांत शिरूं नये म्हणून पाणी धरणारी कुपी नळींत ठेवावी लागते.

घरांत लावण्याच्या सूचक घंटेविषयीं दोन शब्द. ही घंटा म्हणजे मापकयंत्र नव्हे. ती प्रमाणाबरोबर वेळही पाहते. युरोपांतील मानकाप्रमाणें ५० भागांवर ती साठ ते नव्वद मिनिटांनीं, १०० भागांवर दहा ते चाळीस मिनिटांनीं, आणि ३०० भागांवर तीन मिनिटांच्या आंत वाजली पाहिजे. तेव्हां ती गप्प आहे म्हणून हवा स्वच्छ आहे असें नाहीं. तिचें बटण दाबल्यावर येणारा आवाज कर्णा आणि बॅटरी शाबूत असल्याचें सांगतो. आंतल्या कोषाविषयीं तो कांहींच सांगत नाहीं, आणि कोष कांहीं वर्षांनीं मरतो. मुदतीची तारीख पाठीमागें छापलेली असते, ती पाहावी. आमच्या एका स्नेह्यांकडे ही घंटा मध्यरात्रीं वाजत असे, आणि शोध करतां ती इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारीं टांगलेली निघाली. बॅटरी भरतांना सुटणारा हायड्रोजनही ह्या कोषाला कार्बन मोनॉक्साइडसारखाच भासतो. आणखी एक घोटाळा आम्हीं पुष्कळांच्या तोंडीं ऐकला: हा वायु जड असून जमिनीलगत बसतो. जड असतो तो सिलिंडरमधला न जळलेला गॅस, आणि त्याला मुद्दाम दुर्गंधही दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षां किंचित् हलकाच असून सर्व खोलीभर मिसळतो.

हीं सर्व मापें चालू असतां आमच्या आत्याबाई ओसरीवर माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांचें वय एक्याण्णव. पाहुणे पेटी आवरूं लागले तेव्हां त्यांनीं विचारलें, "अरे, हें तुमचें यंत्र शेगडीलाही चालतें का?" चालतें म्हटल्यावर त्या थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या कीं, त्यांचें पहिलें मूल बाळंतिणीच्या खोलींत अकराव्या दिवशीं गेलें. बाजेखालीं शेगडी होती, दाराला घोंगडी लावलेली होती, आणि त्या स्वतःही त्या दिवशीं भ्रमिष्टासारख्या पडून होत्या. दृष्ट लागली असें सर्वांनीं म्हटलें होतें. "मला नुसतें पाहावयाचें आहे," असें त्या म्हणाल्या.

शेगडी पेटवून दहा फूट लांबीरुंदीच्या मागल्या खोलींत एका बाजेखालीं ठेवली आणि कांडी बाजेवर. विस्तव फुलला, धूर मुळींच उरला नाहीं. आणि नेमका तेव्हांच तो अधिक घातक असतो. खालच्या निखाऱ्यांवर कार्बन डायॉक्साइड तयार होतो, आणि वरच्या तापलेल्या कोळशांतून जातांना त्याचा पुन्हां मोनॉक्साइड होतो. निखाऱ्यांवर नाचणारी फिकी निळी ज्वाळा ती ह्याच वायूची. अर्ध्या तासानें आंकडा ३४० झाला. आत्याबाईंनीं तो पुन्हां एकदां विचारून घेतला, आणि "आमची खोली याच्या निम्मी होती" एवढेंच म्हणून त्या उठल्या. त्या बाळाचें काय झालें असावें, हें सत्तर वर्षांनीं त्यांना सांगण्याचा अधिकार आमच्या पेटीला नव्हता, आणि आम्हींही तोंड उघडलें नाहीं.

येत्या महिन्यांत आमची पुतणी बाळंतपणासाठीं माहेरीं येत आहे. शेक-शेगडीचा प्रश्न घरांत निघणार हें ठाऊक होतें. गर्भांतील व नुकत्या जन्मलेल्या बाळाचें हिमोग्लोबिन हा वायु मोठ्यांपेक्षांही अधिक घट्ट धरून ठेवतें, हें सांगण्याची आम्हीं तयारी करून ठेवली होती. ती वाया गेली. निर्णय आत्याबाईंनींच आधीं देऊन टाकला. शेगडी मागच्या अंगणांत पेटवावयाची, ओव्याची पुरचुंडी तेथें तव्यावर तापवून आंत न्यावयाची, आणि बाळंतिणीच्या खोलीची एक खिडकी रात्रंदिवस चार बोटें उघडी ठेवावयाची. खिडकी कोणीं मिटूं नये म्हणून तिच्या फळींत त्यांनीं स्वतः लांकडाचा एक ठोकळा बसवून घेतला आहे.